धोरण अभ्यास केंद्रात काम करायचंय? विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

कॉलेजं सुरू झाली की तालुक्या-तालुक्यांतून आमच्या केंद्रात फोन यायला लागतात. कुणी एसटी स्टँडवरून बोलतं, कुणी वावरातून. विद्यापीठाच्या या केंद्रात मी विद्यार्थ्यांच्या कामाचं समन्वयन बघते. मी स्वतः धानपट्ट्यातल्या एका छोट्या गावातली. पहिल्यांदा विद्यापीठाच्या इमारतीत शिरले तेव्हा कुठल्या दारातून आत जायचं हेही मला कळत नव्हतं. म्हणून फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे सविस्तर लिहिलेत. वाचूनही काही राहिलं तर बिनधास्त विचारा.

धोरण केंद्र म्हणजे काय? तिथे नेमकं काम काय चालतं?

सरकार योजना आणतं, नियम करतं, निधी देतं. तो गावापर्यंत पोचतो का, पोचला तर कुणाच्या दारात थांबतो आणि नाही पोचला तर कुठल्या टेबलावर अडतो, हे आम्ही तपासतो. मग ते लिहून संबंधित खात्याला, जिल्हा परिषदेला आणि गावाला सांगतो.

विदर्भाला हे काम नवीन नाही. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांत कोणता जिल्हा किती मागे राहिला, हे त्या समितीने मोजलं. तेव्हापासून 'अनुशेष' हा शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. पण ती मोजणी जिल्ह्याची होती. जिल्ह्याच्या सरासरीत नाल्यापलीकडचा टोला, म्हणजे मूळ गावापासून वेगळी छोटी वस्ती, दिसत नाही. तो दिसावा म्हणून आम्हाला त्या टोल्यावरचीच मुलं-मुली हवी असतात.

अशा मोजणीतून किती मोठी गोष्ट उभी राहते, याचं उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी कशी घ्यायची ते शिकवलं आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद ठेवली. ते निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. २०११ मध्ये तीच पद्धत आशाताईंच्या कामात देशभर आली. आज तुमच्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जाते, तिच्या त्या फेरीमागे गडचिरोलीच्या खेड्यांतल्या नोंदवह्या आहेत.

मी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. मला घेतील का?

हो. बी.कॉम., बी.एस्सी., कृषी, नर्सिंग, विधी, समाजकार्य, कुठलीही शाखा चालते. बाहेरून परीक्षा देणारेही चालतात. टक्के आम्ही विचारत नाही. एखादा विषय राहिला असला तरी अर्ज करा.

अर्जात काय लिहायचं?

एक पान. विषय एकच: तुमच्या गावातली अशी एक गोष्ट, जी तुम्ही स्वतः पाहिली आहे आणि जिचं उत्तर तुम्हाला अजून मिळालेलं नाही.

बहुतेक अर्जांची सुरुवात 'माझ्या गावात पाणी, रस्ते, बेरोजगारी, व्यसनाधीनता अशा अनेक समस्या आहेत' अशी होते. असं कुठल्याही गावाबद्दल लिहिता येतं. तुमचं गाव त्यात नसतं.

माझ्या अजून लक्षात राहिलेला एक अर्ज सांगते. वहीच्या फाडलेल्या पानावर निळ्या पेनाने लिहिला होता, तो असा: आमच्या टोल्यावर अंगणवाडी नाही. मूळ गावातली अंगणवाडी नाल्याच्या पलीकडे आहे. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत नाल्याला कमरेएवढं पाणी असतं. त्या तीन महिन्यांत आमच्या टोल्यावरची लहान पोरं खिचडीला जात नाहीत. पण हजेरीपटावर ती हजर असतात की गैरहजर, ते मला पाहायचं आहे.

अर्ज एवढाच. खाली सही. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या, पण संशोधनाचा प्रश्न इतका नेमका होता की आम्ही तो जसाच्या तसा कामाला घेतला. तुमचाही असाच एखादा प्रश्न असेल. तो शोधायला ग्रंथालयात जावं लागत नाही. पावसात रोज जो रस्ता टाळून तुम्ही फेऱ्याने जाता, त्याच रस्त्यापासून सुरुवात करा.

स्वयंसेवक आणि संशोधन सहायक यांत काय फरक?

स्वयंसेवक ठरावीक दिवसांसाठी येतो. गावभेटी, प्रश्नावल्या भरून घेणं, ग्रामसभेला हजर राहून टिपण काढणं, जुने कागद उतरवून घेणं ही त्याची कामं. संशोधन सहायकाला एका अभ्यासात सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहावं लागतं. प्रश्नावली तयार करायची, माहिती तपासायची आणि अहवालाचा एखादा भाग स्वतः लिहायचा. बहुतेक मुलं आधी स्वयंसेवक म्हणून येतात आणि पुढच्या वर्षी सहायक होतात. मलाही हाच क्रम बरा वाटतो. उन्हात दहा घरं फिरलेल्या माणसाच्या हातची प्रश्नावली वेगळीच असते.

पैसे मिळतात का?

संशोधन सहायकाला मानधन मिळतं. ते प्रत्येक अभ्यासाच्या निधीनुसार ठरतं आणि काम सुरू होण्याआधी लेखी सांगितलं जातं. स्वयंसेवकाला मानधन नसतं. एसटीचं भाडं, गावातलं जेवण आणि झेरॉक्स असा प्रत्यक्ष खर्च मात्र आम्ही देतो. तिकिटं जपून ठेवा. मुलींनो, तुम्हाला अर्ध्या भाड्याचं तिकीट मिळतं, तेच जोडा.

यात माझं एक मत आहे आणि ते मी केंद्राच्या बैठकीतही मांडते. बिनपैशाचं काम घरची परिस्थिती बरी असलेल्या मुलालाच परवडतं. सुट्टीत मजुरीला जाऊन स्वतःची फी भरणारा मुलगा 'अनुभव मिळेल' म्हणून आठ दिवस फुकट फिरू शकत नाही. त्याची रोजी बुडते. तुमची तशी परिस्थिती असेल तर अर्जातच एका ओळीत लिहा. लाजायचं काही कारण नाही. अशा मुलांना आम्ही आधी मानधनाच्या कामात बसवायचा प्रयत्न करतो. दर वेळी जमतंच असं नाही, पण जमलं की नाही ते आम्ही आधीच सांगतो, कुणाला लटकवून ठेवत नाही.

किती वेळ द्यावा लागेल? शेतीची कामं आणि परीक्षा सांभाळून जमेल का?

जमेल, कारण आमचं वेळापत्रक हंगामावर बसवलेलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये धानपट्ट्यात रोवणी असते, तेव्हा कुणाच्याही घरी दुपारी माणूस सापडत नाही. ऑक्टोबरपासून वऱ्हाडात कापसाची वेचणी असते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बायका पहाटेच जंगलात जातात आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. या दिवसांत गावात प्रश्नावली घेऊन जाणं म्हणजे लोकांची मजुरी खाणं. त्या काळात आम्ही कागदपत्रं वाचतो, माहिती भरतो, लिहितो.

स्वयंसेवकाने वर्षात साधारण १० ते १५ दिवस द्यावेत, तेही सलग नसले तरी चालतात. परीक्षेच्या महिनाभर आधी कुणालाही बोलावत नाही.

याचं क्रेडिट मिळतं का? एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) धरतात का?

नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आलेलं आहे. प्रत्यक्ष कामाचे साधारण ३० तास म्हणजे एक क्रेडिट. आमच्याकडचं काम त्यात बसतं, पण तुमच्या कॉलेजची मंजुरी आधी लागते. नंतर धावपळ नको. एनएसएसच्या वर्षाच्या १२० तासांतही हे काम धरता येतं, त्यासाठी कार्यक्रम अधिकाऱ्यांना काम सुरू होण्यापूर्वी भेटा. काही कॉलेजं आपलं सात दिवसांचं निवासी शिबिर आमच्या अभ्यासाच्या गावातच घेतात, ते फार चांगलं होतं. रस्ता झाडून झाल्यावर संध्याकाळी मुलं घरोघरी बसून बोलतात.

इंग्रजी येत नाही. चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. विचारणाऱ्याचा आवाज दर वेळी थोडा खाली गेलेला असतो, म्हणून याचं उत्तर जरा मोठं देते.

चालेल. आमची टिपणं, प्रश्नावल्या, गावाला द्यायचं पत्रक, सगळं मराठीत असतं. इंग्रजी अहवाल लागला तर तो लिहिणारे लोक केंद्रात आहेत. गावाशी त्याच्या बोलीत बोलणारे लोक मात्र आमच्याकडे नेहमीच कमी पडतात.

एक अनुभव सांगते. बाहेरच्या शहरात बनलेली एक प्रश्नावली घेऊन आम्ही गेलो होतो. तिच्यात प्रश्न होता, 'गेल्या वर्षभरात आपल्या कुटुंबातील कोणी रोजगारासाठी स्थलांतर केले आहे का?' लोक म्हणाले, नाही. सात घरं झाली, सातही नाही. आमच्यासोबत त्याच भागातला पहिल्या वर्षाचा एक मुलगा होता. तो आठव्या घरी पायरीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, औंदा मिरची तोडाले कोन कोन गेलतं तेलंगणात?" मावशीने बोटांवर मोजत नावं सांगायला सुरुवात केली. थोरला, सून, दीर, दिराची पोरगी. शाळेत शिकणारी पोरगीही. किती दिवस, ठेकेदार कोण, गाडीत कितीजण कोंबले होते, मजुरी मिरचीच्या रूपात मिळाली की पैशाच्या, सगळं. आम्ही मागच्या सातही घरी पुन्हा गेलो. सातपैकी पाच घरांतून माणसं गेलेली होती. त्यांच्या लेखी ते स्थलांतर नव्हतंच, ते कमवायला जाणं होतं.

'मासिक उत्पन्न किती?' या प्रश्नाचंही तेच. वेचणीला जाणाऱ्या बाईला महिन्याचा पगार नसतो. दर किलोमागे किती, दिवसाला किती किलो, किती दिवस काम मिळालं असं विचारलं की ती पैशापर्यंतचा हिशेब देते.

तुम्हाला गोंडी, माडिया, कोरकू, कोलामी किंवा झाडीबोली येत असेल तर अर्जात ठळक लिहा. मेळघाटातल्या एखाद्या आजीचं बोलणं कोरकूतून मराठीत नीट आणणं हे कुठल्याही संगणकाच्या कामाइतकंच कौशल्याचं काम आहे आणि आम्ही त्याचं मानधनही त्याच हिशेबाने देतो.

लॅपटॉप नाही. गणित कच्चं आहे.

दोन्ही चालतं. केंद्रात संगणक आहेत आणि गावात आम्ही कागदावरच लिहितो, कारण रेंज नसते. सरासरी, टक्केवारी आणि तक्ता वाचणं आम्ही दोन दिवसांत शिकवतो.

सध्या कोणत्या विषयांवर काम करता येईल?

माझ्या जिव्हाळ्याचा विषय आधी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे एकेकाळी मालगुजारांच्या (सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले. त्यांना आपण मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजाने बांधलेले कित्येक तलाव शेकडो वर्षांचे आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. तलाव बांधणारी आणि गाळ काढणारी गावं एका दिवसात लाभधारक झाली. आज तलावाची पाळ (बांध) कोण दुरुस्त करतं, मासेमारीचा ठेका कुणाला जातो, पाण्याखालची जमीन किती होती आणि किती उरली, अतिक्रमण कुठून सुरू झालं, हे गावागणिक वेगळं आहे. एका तलावाचा अभ्यास म्हणजे एका मुलाचं अख्खं वर्षाचं काम. त्यात इतिहास आहे, कायदा आहे, पाणी आहे आणि भांडणंही आहेत.

दुसरा विषय वनहक्कांचा. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क, मिळवणारं देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तो हक्क २००९ मध्ये मिळाला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. पण त्या गावाकडून शिकण्यासारखी गोष्ट मला वेगळी वाटते. तिथे अभ्यास गट होता. लोक एकत्र बसून विषय समजून घ्यायचे आणि मग ग्रामसभेत सहमतीने ठरवायचे. संशोधन ही विद्यापीठाची मक्तेदारी नाही हे गडचिरोलीतल्या एका छोट्या गावाने केव्हाच दाखवलंय. २००६ चा वनहक्क कायदा आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा यांचं आज इतर गावांत काय चाललंय, दावे कुठे अडलेत, बांबू आणि तेंदूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यातून कसा खर्च होतो, हे पाहायला आम्हाला दरवर्षी मुलं लागतात.

दारूबंदीचा विषयही आहे. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली हे एकाला लागून एक असलेले तीन जिल्हे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, वर्ध्यात तर त्याहून जुनी. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. तीन जिल्ह्यांतल्या बायकांशी बोलून तुलना करायला याहून चांगलं मैदान मिळणार नाही. यवतमाळकडच्या मुलांनी फवारणीचा विषय घ्यावा. २०१७ च्या खरिपात तिथे कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर कृषी सेवा केंद्रातून हातमोजे आणि मास्क मिळतात का, फवारणारा मजूर ते घालतो का, दमट उन्हात घालणं शक्य तरी आहे का, हे पऱ्हाटीत उभं राहूनच कळतं.

याशिवाय कमी पटाच्या शाळा, बंद झालेल्या एसटी फेऱ्या, वन्यप्राण्यांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई. यादी मोठी आहे. तुमचा स्वतःचा विषय असेल तर तो आधी.

सरकारी कागद कुठून आणि कसे मिळवायचे?

आधी जे उघड आहे ते पाहा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाची माहिती आहे. शाळा, पाणी, दवाखाना, पक्का रस्ता किती अंतरावर. ती आता जुनी झाली, पण तुलनेसाठी पाया म्हणून लागतेच. पूर्व विदर्भात असाल तर गावचं निस्तार पत्रक मागा. सरपण कुठलं, चराई कुठली, तलावाच्या पाण्यावर हक्क कुणाचा, हे त्यात लिहिलेलं असतं. कित्येक गावांत ते कुणी वर्षानुवर्षं उघडलेलंच नसतं.

मग कार्यालय. बरीच मुलं थेट माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. मी म्हणते, आधी जाऊन भेटा. ग्रामपंचायत अधिकारी किंवा तलाठ्यांना केंद्राचं पत्र दाखवा आणि काय हवं ते नीट सांगा. अर्ध्याहून अधिक कागद असेच मिळतात. राज्यातल्या जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कागदपत्रं पाहता यावीत, असा २०१८ चा शासन निर्णय आहे. त्याची प्रत सोबत ठेवा. ती दाखवली की बोलणं सोपं होतं.

तरी नाही मिळालं तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं, किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडे दुसरं.

अर्जात 'का', 'कशासाठी' असे प्रश्न विचारू नका. 'का केलं नाही' याचं उत्तर ते देणार नाहीत. अमुक योजनेच्या अमुक वर्षाच्या लाभार्थी यादीची प्रत, अमुक तारखेच्या मासिक सभेच्या इतिवृत्ताची प्रत, असा कागदच मागा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

माझ्याच गावात अभ्यास करू का?

करा, पण एकट्याने नको. तुमच्या गावात तुम्ही कुणाची तरी पोरगी, कुणाचा तरी भाचा आहात. तुमच्या आडनावावरून घराघरांतलं बोलणं बदलतं. मामा तुमच्यासमोर सावकाराच्या कर्जाचा आकडा सांगणार नाही आणि दुसऱ्या मोहल्ल्यातली बाई तुमच्या घरच्यांबद्दल खरं बोलणार नाही. म्हणून आम्ही वेगवेगळ्या तालुक्यांतल्या दोघांची जोडी लावतो. तुमच्या गावात तुम्ही वाट दाखवायची आणि प्रश्न जोडीदाराने विचारायचे. त्याच्या गावात उलट.

गावात गेल्यावर आधी कुणाला भेटायचं?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना केंद्राचं पत्र द्या, पोलीस पाटलांना कळवा. पण तिथेच बसून राहू नका. जेवण सरपंचांच्या घरी झालं की टोल्यावरच्या लोकांना तुम्ही सरपंचांचे पाहुणे वाटता. मग तेही तसंच बोलतात. आम्ही शक्यतो बचत गटाच्या बायकांना सांगून, पैसे देऊन जेवण करून घेतो.

लोकांची संमती कशी घ्यायची? काय विचारू नये?

आपण कोण, हे कशासाठी, उत्तर द्यायचं नसेल तर उठून जाता येतं, आणि या बदल्यात कुठलीही योजना मिळणार नाही, या चार गोष्टी आधी तोंडी सांगायच्या. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. हातात कागद-पेन दिसलं की लोकांना घरकुलाची यादी आली असं वाटतं. ती आशा मोडताना वाईट वाटतं, पण ती पहिल्याच मिनिटाला मोडायची, तास घेऊन झाल्यावर नाही. सही येत नसेल तर अंगठ्याची सक्ती करू नका. अंगठा म्हटलं की आपली माणसं जमिनीच्या कागदाच्या आठवणीने घाबरतात. तोंडी संमती चालते, जोडीदाराने साक्षीची नोंद करावी.

आधार क्रमांक, बँक खातं, जातीचा दाखला यांचा फोटो काढायचा नाही. लहान मुलांचे फोटो नाहीत. अहवालात कुणाचंही खरं नाव जात नाही.

आणि एक नियम फार कडक आहे. ज्या घरात शेतकऱ्याची आत्महत्या झाली आहे, त्या घरी नवीन स्वयंसेवक जात नाहीत. त्या घरातल्या बाईला तलाठ्याने, बँकेने, पत्रकारांनी, पुढाऱ्यांनी आणि आमच्यासारख्या अभ्यासकांनी तेच तेच विचारलेलं असतं. जे कागदावर मिळतं ते तिच्या तोंडून पुन्हा काढायचं नाही. जायचंच असेल तर अनुभवी संशोधक समुपदेशकाला सोबत घेऊन जातात. बोलताना कुणी रडायला लागलं तर वही मिटा. पाणी द्या, बसा. मुलाखत त्या दिवशी संपली. तुम्हालाही घरी आल्यावर झोप लागली नाही तर मला सांगा. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा निःशुल्क क्रमांक तुमच्याकडेही असू द्या आणि गावातही सांगून या.

घरचे पाठवायला तयार नाहीत. मुलींच्या सुरक्षेचं काय?

मुली नेहमी जोडीने जातात. शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधी कळल्याशिवाय गाव ठरत नाही. मुक्काम असेल तर सोबत एक प्राध्यापिका किंवा मी स्वतः असते. आई-बाबांना माझ्याशी बोलायचं असेल तर फोन लावून द्या. काही घरी मी जाऊनही आले आहे. एका बाबांनी मला फक्त एवढंच विचारलं की पोरगी दुपारी जेवते कुठे. ते सांगितल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

कामाच्या ठिकाणी कुणीही त्रास दिला, मग तो गावातला असो, अधिकारी असो, की आमच्याच केंद्रातला, तर विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार करता येते. ती कशी करायची हे पहिल्याच दिवशी सांगितलं जातं.

राजकीय काम आहे का हे? निष्कर्ष कुणाच्या विरोधात गेले तर?

पक्षाचं काम नाही. निवडणुकीच्या काळात आम्ही गावभेटी बंद ठेवतो. निष्कर्ष कुणाला आवडले नाहीत तर उत्तर केंद्र देतं, विद्यार्थ्याला पुढे केलं जात नाही. तुमची जबाबदारी एकच. जे ऐकलं तेच लिहायचं, घरी बसून प्रश्नावली भरायची नाही. खोटी भरलेली एक प्रश्नावली सापडली तर त्या मुलाचा सगळा गठ्ठा बाजूला काढावा लागतो, मग त्यात खरं बोललेली माणसंही वाया जातात.

अहवालावर आमचं नाव येतं का? प्रमाणपत्र, शिफारसपत्र मिळतं का?

तिन्हींना हो. प्रमाणपत्रावर किती दिवस, कोणतं काम केलं ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

यातून पुढे काय?

समाजकार्य, ग्रामविकास, सार्वजनिक आरोग्य यांच्या पदव्युत्तर प्रवेशाला हा अनुभव उपयोगी पडतो. स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीतही पडतो, कारण योजनेचं नाव तोंडपाठ असलेले खूप असतात, ती योजना अडताना पाहिलेले कमी. नोकरीची हमी मात्र आम्ही देत नाही.

अभ्यास झाल्यावर गावाला काय मिळतं?

काही वर्षांपूर्वी एका गावात एका आजींनी मला ओट्यावर बसवलं, पाण्याचा गडवा पुढे केला आणि म्हणाल्या, "तुम्ही लोकं येता, लिहून नेता. मागच्या साली बी एक पोरगी आलती. मंग त्याचं का झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती पोरगी कुठल्या संस्थेची होती ते मला माहीत नव्हतं, पण ती आमचीही असू शकली असती. तोवर आम्हीही बहुतेक अहवाल गावाला न दाखवताच पुढे पाठवत होतो.

त्यानंतर नियम केला. अहवाल खात्याला जाण्याआधी गावात वाचला जातो. दोन पानांचं मराठी पत्रक, मोठ्या अक्षरात. सरपंचांना आधी अर्ज देऊन ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर विषय घ्यायचा आणि ज्या विद्यार्थ्याने माहिती गोळा केली त्यानेच उभं राहून वाचायचं. महिला ग्रामसभा वेगळी झाली तर तिथेही. पत्रकाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर, एक शाळेत आणि एक टोल्यावर.

हा दिवस टाळायची मुभा कुणालाच नाही. एका तलावाच्या अभ्यासाचं वाचन चालू असताना मागे भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारबाबा उठले आणि भिंतीवरच्या आमच्या नकाशापाशी आले. सांडव्यावर बोट ठेवून म्हणाले, हा इथे नाही, तिकडे आहे, पळसापाशी. हा तर नंतर फोडलेला. आमच्या मुलाने वर्षभर फिरून केलेला नकाशा होता. तो तसाच उभा राहिला, मग खडू घेऊन त्यांनाच म्हणाला, "बाबा, तुम्हीच काढा." दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पळसापाशी गेलो. मातीखाली जुन्या दगडांची रांग होती. अहवालाचं एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं आणि खात्याकडे तो महिनाभर उशिरा गेला.

अर्ज कुठे आणि कधी द्यायचा?

वर्षभरात कधीही. हाताने लिहिलेला चालतो. तुमच्या कॉलेजच्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे द्या किंवा केंद्रात स्वतः आणून द्या. मुख्य दारातून आत आलात की डावीकडचा जिना, पहिला मजला. दार उघडंच असतं.